परत आल्यावरच्या चार आठवड्यांच्या गोळ्या

मंडळी, आज दुपारी बदलापुरात कात्रपला वहिनीकडे गेलो होतो. पुतण्या उद्या नोकरीसाठी नायजेरियाला निघालाय. मलेरिया होऊ नये म्हणूनच्या गोळ्या घेतल्यास का, असं विचारलं.

"काका, रोज कोण गोळ्या खाणार? तिकडे सगळे बिनधास्त राहतात," तो हसला.

त्याचे वडील, म्हणजे माझा दादा, आनंदनगर एमआयडीसीत फिटर होता. नव्वदच्या दशकात तोही नायजेरियातच कामाला गेला होता. परत आल्यावरही चार आठवडे गोळ्या घ्या, असं त्याला डॉक्टरांनी बजावलं होतं. पण घरी आल्यावर तो म्हणाला, "आता बदलापुरात कसला आलाय आफ्रिकेचा मलेरिया?"

दहा दिवसांनी ताप भरला. मीच त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे साध्या तापाचं औषध मिळालं. हा परदेशातून आलाय का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि मला सांगायचं सुचलं नाही. पाचव्या दिवशी दादा मलेरियाने गेला.

आज हे सगळं मी पुतण्याला पहिल्यांदाच सांगितलं, माझी चूकसुद्धा.

तो म्हणाला, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती, काका."

वहिनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत, भावोजी?" एवढंच म्हणून ती आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

पोरगा गोळ्या घ्यायला तयार झाला नाहीच. मग मी सांगून काय मिळवलं? तुम्ही सांगितलं असतंत का?