साडूंची बग्गी

अख्ख्या इंग्लंडात कायदा मनापासून पाळणारा एकच माणूस उरला आहे, आणि ते म्हणजे माझे साडू. लीड्सच्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं त्यांनी लोकांना भूल दिली. रिटायर झाल्यावर मंडळी गोल्फ खेळतात. यांनी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेतली आणि तिच्यामागे ट्रेलरवर दोन सीटची, चिखलातून डोंगर चढणारी एक बग्गी. ही हौस नव्हती. माझ्या मेव्हणीची, म्हणजे आमच्या ताईंची, फुफ्फुसं गेली चार वर्षं आखडत चालली आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षांत सुट्टी मिळाली की दोघं डेल्सच्या डोंगराळ भागातल्या एका माळावर चालत जायची. ऑगस्टात तिथे हेदरची झुडपं फुलतात आणि सगळा डोंगर जांभळा होतो. तो ताईंना एकदा परत बघायचा होता.

अडचण होती फक्त दोन मैलांची. ताईंच्या ऑक्सिजनच्या मशीनला वीज लागते म्हणून मुक्काम कॅम्पसाइटवर. माळावर जाणारी वाट दोन मैलांवरच्या शेतातून. मधला रस्ता डांबरी, आणि त्यावर बग्गी चालवायला बंदी. म्हणजे बग्गी ट्रेलरवर, ट्रेलर मोटरहोममागे, आणि मोटरहोम हलवायची तर मांडलेला सगळा संसार आवरायचा: तंबू, खुर्च्या, पाण्याचा पाइप, विजेची वायर. याची साडूंनी एक्केचाळीस कलमांची यादी केली होती, आणि ऑपरेशनआधी विचारावं तसं ते एकेक कलम मोठ्यांदा विचारत. "गॅस?" "बंद." "कोणी चेक केला?" "मी." "मी म्हणजे कोण?" मग मी नाव आणि जन्मतारीख सांगत असे. बग्गी शेतातच ठेवू या, असं मी सुचवून पाहिलं; पण ती रात्री मालकाच्या नजरेसमोर हवी, असं विम्याच्या कागदात लिहिलेलं. शेताच्या मालकीणबाई म्हणाल्या, रविवारी सकाळी या रस्त्यावर मेंढ्यांशिवाय कोणी नसतं, सरळ चालवत आणा. साडूंनी त्यांचे नम्रपणे आभार मानले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कोणी बघत नाही म्हणून मी कधी पेशंटला टाकून चहाला गेलो नाही."

पहिल्या ऑगस्टात यादी संपेपर्यंत पाऊस आला. दुसऱ्या ऑगस्टात शेताच्या फाटकाशी कळलं, की ताईंना बग्गीत चढायला लागणारी छोटी पायरी मागेच राहिली. "पायरी कोणी चेक केली?" या प्रश्नाला मी त्या दिवशी जन्मतारीख सांगितली नाही. परत जाऊन ती आणेपर्यंत ताई थकून झोपल्या होत्या.

यंदा ताईंना एक वाक्य पुरं करतानाही दम लागत होता. सकाळी साडूंनी यादीची वही उघडून "तंबू?" म्हणताच ताईंनी हात पुढे केला, वही घेतली, चष्मा लावला आणि एकेका कलमावर काट मारायला सुरुवात केली.

"अगं, तंबू काढायला हवा."

"राहू दे उभा. पळून जातोय का?"

"खुर्च्या?"

"शेजारचे बसतील."

"अगं, पण साइटचा रूल आहे, आपली जागा टायडी ठेवायची."

"अहो, आल्यावर मी वॉर्डनला सॉरी म्हणेन. प्रॉमिस."

गॅस, पाणी, वायर, बग्गीचे पट्टे, पायरी आणि ऑक्सिजनचा सिलिंडर एवढंच उरलं. वीस मिनिटांत आम्ही निघालो. मागे गवतावर तीन उष्टे कप तसेच पडले होते. साडूंना ते आरशात दिसत होते, पण ते थांबले नाहीत.

बग्गीतून दोघं पुढे गेली, मी मागून चालत पोचलो. माळ फुलला होता, नजर पोचेल तिथवर. ताई बघत होत्या. वारा बोचायला लागला तेव्हा साडू म्हणाले, "जमलं की! पुढच्या वर्षी असंच लवकर निघू."

"हो," ताई म्हणाल्या, "निघू या."

जन्मभर माणसांचे श्वास मोजलेला माणूस तो. त्यांना काय कळत नव्हतं? ताईंनाही कळत होतं. मी उगाच दुसरीकडे बघत राहिलो. साडूंनी ताईंचा पट्टा लावला, किल्लीला हात घातला, आणि तो परत काढून घेतला.

"अजून पाच मिनिटं बसू," ते म्हणाले.