सरावाचा गडी

सरांनी लाकडी फूटपट्टीनं माझी हाफ पँट वर सारली. पट्टी मांडीवर टेकवली आणि समोर बसलेल्या शिक्षकांना म्हणाले, "हे बघा. ही मांडी, ही पोटरी. हे शिकवून येत नाही. या लोकांना ते उपजतच असतं."

मागून एक जण म्हणाला, "सर, दात पण दाखवा. घोटीच्या बैलबाजारात आधी दात बघतात."

सगळे हसले. सर हसले. मीही हसलो.

ते खो-खोचं शिबिर होतं. खेळाडू कसा घडवायचा हे शिकायला जिल्ह्यातले व्यायामशिक्षक नाशकात जमले होते. मी अठरा वर्षांचा. दोन वर्षं सरांच्या मंडळाच्या मैदानावर रोज संध्याकाळी पळत होतो. मंडळाची पोरं माझा पाठलाग करून पाठलाग शिकायची. मी सहसा सापडायचो नाही. पाण्याच्या माठाला मी हात लावायचा नसे; कुणीतरी वरून माझ्या ओंजळीत ओतायचं. मी त्याला मैदानाची शिस्त समजत होतो. सरांवर माझा इतका विश्वास होता. "यंदा जिल्ह्याच्या संघात तू आहेस," असं ते मला म्हणाले होते. आमच्या बौद्ध वस्तीतलं कुणी त्या संघात कधी गेलं नव्हतं.

सराव संपला की सर मला पायरीखाली बसवायचे आणि वही काढायचे. "तो पहिल्याला नाही, तिसऱ्याला खो देणार, हे तुला कसं कळलं?" मी सांगायचो. खो द्यायच्या आधी पाठलाग करणाऱ्याचं पाऊल आखूड पडतं. गुडघा वाकतो. बसलेल्याला चाहूल लागली की त्याची टाच उचलते. ते दिसलं की मी ठरवतो, ओळीतून आत शिरायचं की खांबाकडे जायचं. सर लिहून घ्यायचे. तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, ही माया.

एकदा त्यांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?"

मी म्हणालो, "कुणी नाही सर. आपोआप येतं."

हे खोटं होतं.

शिकवलं आक्कानं. माझी मोठी बहीण. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सिन्नरकडून नाशकात आलो, तेव्हापासून ती खडी फोडायला जायची. कामावरून आली की वस्तीमागच्या मोकळ्या जागेत पोरांना ओळीनं बसवायची. आठवडाभर तिनं मला पळूच दिलं नाही. हात मागे बांधायला लावायची, बाजूला उभं करायची आणि म्हणायची, "आता कुणाला खो? सांग." चुकलो की खेळ थांबायचा.

"हाताकडं काय बघतो रे? हात फसवतो. गुडघा बघ. गुडघ्याला खोटं बोलता येत नाय."

"पण आक्का, मला पळायचंय."

"आधी बघाय शिक. पळतं तर कुत्रं बी."

ती स्वतः लुगडं खोचून उतरली की कुणाला सापडायची नाही. पण ती मुलगी. तीही खडी फोडणारी. सरांपुढे तिचं नाव घ्यायची मला लाज वाटली.

शिबिरात सरांनी तीच वही उघडली. आखूड पाऊल. वाकलेला गुडघा. उचललेली टाच. "ही माझी पद्धत," सर म्हणाले. "आपल्या मुलांना असं बघायला, विचार करायला शिकवा. हा विचार करत नाही. मी त्यालाच विचारलंय. आपोआप येतं म्हणाला. हरणाला विचारलंत तर तेही हेच सांगेल."

एका शिक्षकानं विचारलं, "मग हा संघात असेल ना, सर?"

"नाही हो. सामन्यात निर्णय घ्यावे लागतात. तिथे डोकं लागतं. पण असा एक गडी सरावाला ठेवावा. आपली मुलं तयार होतात."

मी शेजारीच उभा होतो. दोन वर्षं. रोज.

"चल, पळून दाखव," सर म्हणाले.

मंडळाची मुलं ओळीत बसली होती. पाठलाग करणारा सुटला. मी जागचा हललो नाही. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी बाद.

"काय रे? काय झालं?"

मी रेषेबाहेर गेलो. हात मागे बांधले. "मी पळणार नाही सर. दुसऱ्या कुणाला पळवा. मी इथून सांगतो."

सर काही बोलणार होते. दात दाखवा म्हणणाराच बोलला, "बघू द्या की हो. तेवढीच गंमत."

दुसरा मुलगा पळू लागला. मी हळू, शेजारच्या शिक्षकांना ऐकू जाईल इतकंच बोललो. "तिसऱ्याला खो." तिसऱ्याला मिळाला. "आता देणार नाही, खांबापर्यंत जाईल." गेला. "तिसऱ्याला दाखवेल, पाचव्याला देईल." पाचवा उठला. हसणं थांबलं. एका शिक्षकानं पेन काढलं.

"पुरे," सर म्हणाले. "फार आगाऊ झालास."

मी म्हणालो, "हे आपोआप येत नाही सर. मी बघतो, मग ठरवतो. वहीत लिहिलंय ते माझं आहे."

आणि चालत घरी आलो. परत त्या मैदानावर गेलो नाही. संघाची यादी लागली, त्यात मी नव्हतो.

आजवर ही हकिगत मी इथवरच सांगत आलो. लोक पाठ थोपटतात. पण त्या दिवशी मी "माझं आहे" म्हणालो. आक्काचं नाव तेव्हाही घेतलं नाही. घरी ती भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "तुला कुणी शिकवलं, असं नाय का कुणी विचारलं?"

"नाही," मी म्हणालो.

सरांनी मला फसवलं. मी तिला.

पुढे मी सिन्नर तालुक्यात शिक्षक झालो. एकदा मैदानावर एक मुलगी खांबाजवळ अशी काही वळली की माझ्या तोंडून निघून गेलं, "हिच्या अंगातच आहे." माझाच आवाज मला सरांचा वाटला. मी खेळ थांबवला आणि तिला विचारलं, "कसं कळलं तुला?" ती बराच वेळ सांगत होती. तेव्हापासून प्रत्येकाला विचारतो. पण तुम्हाला कुणी शिकवलं, असं मला कुणी विचारलं की मी विषय बदलतो.

ती वही पुढे सरांच्या नावानं छापली गेली. आता मंडळ त्यांचा सत्कार करतंय. परवा एक जण घरी आला. "तुम्ही सरांचे जुने शिष्य. चार शब्द बोला." मी हो म्हणालो.

आक्काला सोबत नेणार आहे. त्याआधी, आज संध्याकाळी, तिला सांगणार आहे की मला विचारलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं होतं. ती बोलेनाशी झाली तरी चालेल. ती आली नाही तरी मी जाईन. सर समोर बसलेले असतील. मी उभा राहीन, हात मागे बांधीन आणि पहिला शब्द तिचं नाव असेल. हौसाबाई.