नावावरचा रंग

परवा शेजारच्या दाराला ऑइलपेंट देत होते, आणि त्या वासानं मी मनानं लातूरच्या त्या कपाटांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. तेव्हा लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. गावभर कचेऱ्यांच्या नव्या पाट्या रंगत होत्या आणि आमच्या मुरुडकडे विहिरींचे तळ दिसत होते. आक्काचं लग्न ठरलं होतं. लग्नात द्यायची लोखंडी कपाटं दुकानाबाहेर उन्हात तापत पडली होती, कारण दुष्काळानं लग्नंच लांबली होती. त्यातलं एक निम्म्या किमतीत होतं. त्याच्या दारावर दुसऱ्याच नवरा-नवरीची नावं रंगवलेली होती. "ते लग्न मोडलं," दुकानदारानं सरळ सांगितलं. माय म्हणाली, "मोडल्या लग्नाचं नको, मला कसंतरीच व्हायलंय." "लोखंडाला काय कळतंय?" बाबा म्हणाले, "बिननावाचं घ्यायची ऐपत हाय का आपली?" पेंटर कचेऱ्यांच्या पाट्यांत अडकलेला, म्हणून बाबांनीच घरी त्या नावांवर रंग मारला. तो जरा गडद बसला. आक्का म्हणाली, "असू द्या, वर माझं नाव येईलच की." मग नवऱ्याकडचे आले, चहा प्याले आणि पाऊस पडल्यावर बघू म्हणून गेले. पुढच्या साली पाऊस पडला, ते काही आले नाहीत. नंतरही कुणी आलं नाही. आता आक्काचे केस पांढरे झालेत, कपाट तिच्याच खोलीत आहे. सगळं एका रंगात करून देऊ का, असं मी तिला परवा विचारलं. ती त्या गडद पट्ट्याकडे न बघताच म्हणाली, "आता कुणाला दाखवायचंय?"