दाजींचा पासवर्ड

श्रीरामपूरला माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि तो इतका चपळ झाला की मला गप्प बसवेना. भेटेल त्याला मी ते सांगत सुटलो. शेवटी बायको म्हणाली, काष्टीला ताईकडे जाऊन दाजींना सांगा, ते तरी ऐकतील.

दाजींचं पशुखाद्याचं दुकान घरालाच लागून आहे. त्यांचा लॅपटॉप सुरू करून माणूस धार काढून परत आला, तरी तो सुरूच होत असायचा. त्यामुळे त्यांना पटवावं लागलं नाही. फोटो आणि बिलं आधी पेनड्राइव्हवर घेतोय ना, एवढंच त्यांनी दोनदा विचारून घेतलं. दुपारपर्यंत नवी सिस्टीम बसली. पासवर्ड त्यांनी स्वतःच ठेवला, तोही मला पाठ फिरवून उभं राहायला लावून.

आता फक्त प्रिंटर जोडायचा राहिला होता. त्यासाठी मी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहिली आणि तिनं पासवर्ड मागितला. दाजी खुर्चीत सरसावून बसले, एका बोटानं टाइप करू लागले आणि थांबले.

"मेव्हनं, उमटंना काय. बटनं गेली वाटतं."

मी समजावलं, इथं अक्षरं दिसतच नाहीत, ठिपकेसुद्धा नाहीत, तुम्ही लिहीत राहा. दाजींना हे पटेना. दिसत नाही तर पोचलं कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. मग चुकू नये म्हणून ते एकेक अक्षर तोंडानं म्हणत बटणं दाबू लागले आणि शेवटी सगळा शब्द एकदम म्हणाले.

गोठ्यातून म्हशीनं ओ दिली.

घोडेगावच्या बाजारातून आणलेली ही म्हैस दाजींची फार लाडकी. पासवर्ड म्हणून तिचंच नाव ठेवलेलं. लॅपटॉप म्हणाला, चूक आहे. दाजींनी पुन्हा लिहिलं, या वेळी जरा जोरात, जणू त्याला ऐकू कमी येत असावं. म्हैस पुन्हा हंबरली. पेंड घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं गोठ्याकडे पाहू लागली. ताई स्वयंपाकघरातून विचारत होती, आत्ताच वैरण टाकलीय, तिला कशाला हाका मारताय?

तेवढ्यात माझं लक्ष कॅप्स लॉककडे गेलं. ते बंद केलं. तिसऱ्यांदा दाजींनी नाव घेतलं तेव्हा पासवर्ड लागला, प्रिंटर घरघरला आणि दावं तोडून म्हैस दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. तिला परत बांधायला आम्ही चौघं लागलो. त्यातली दोन गिऱ्हाइकं होती.

पासवर्ड आता साऱ्या आळीला कळला होता. दाजींनी आम्हाला बाहेर काढलं, दार लावून नवा ठेवला आणि ताईलाही सांगितला नाही. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. पासवर्ड काही केल्या आठवत नव्हता.

मी पुन्हा एसटीनं काष्टी गाठली आणि विसरलेला पासवर्ड काढून टाकला. या खेपेला ताई म्हणाली, बाजूला हो, मी ठेवते. तिनं पटापट टाइप केलं आणि हात पुसत उठली. पासवर्ड सांग म्हणून दाजींनी बरीच गळ घातली, मालक कोण आहे तेही विचारलं.

"दुकान उघडलं की मी येऊन पासवर्ड टाकत जाईन," ताई म्हणाली. "तुमी तोंडानं म्हनता."