बाईविना दंडार

माझ्या चुलतभावानं आमच्या दंडारीत तीस वर्षं बाईचं काम केलं. दंडार म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव होणारं आमचं नाचगाण्याचं नाटक. भाऊ लुगडं नेसून आला की घाटंजीकडचे बैल रवंथ विसरायचे. एका म्हाताऱ्या पाटलानं तर त्याला रीतसर मागणी घातली होती. निरोप मीच नेला होता, खोटं कशाला सांगू!

यंदा तालुक्याच्या महोत्सवासाठी एक मॅडम आल्या. रंगमंच सगळ्यांचा आहे, म्हणाल्या, तेव्हा बाईचं काम बाईच करेल. नाहीतर तुमची दंडार नको. झालं! आम्ही तेरा गडी गावभर बाई शोधत फिरलो. हरवलेल्या म्हशीसाठीही कुणी इतकं फिरलं नसेल.

बाई तर भावाच्या घरातच होती. त्याची सून. कापूस वेचताना ती गायला लागली की आवाज तीन शिवारं ओलांडायचा आणि कच्ची बोंडंसुद्धा फुटायची. सासऱ्याची तालीम ऐकून ऐकून अख्खी दंडार तिला पाठ. मी ढोलकीवाला, म्हणून तिनं मलाच गाठलं. "काकाजी, मी करू काय? मामाजीले तुमीच विचारा ना."

विचारलं. ती दाराआड उभी होती. भाऊ म्हणाला, "लोकं कोन्या नजरेनं पाह्यते, हे तुले काय माईत? तीस वर्स मले पाह्यलं हाय त्यायनं. सुनेले नाही उभी करत मी तिथं."

यमाशी हुज्जत घालणारा माणूस मी. पण त्या दिवशी 'घरचा मामला' म्हणून उठून आलो.

गड्यानं लुगडं नेसायचं नाही एवढंच ना, मग शेवटी बाईविनाच गेलो. नायक रिकाम्या जागेकडे पाहून लाडीगोडी करायचा, आणि मी ढोलकीमागून घोगऱ्या आवाजात लाजायचो. मांडव हसून हसून एका बाजूला कलला. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

परतलो तर सून दारात. "बाईचं कोन बोललं?"

"मी."

"सारं बोलले?"

दोन वाक्यं मी विसरलो होतो. कोणत्या जागी, ते तिनं विचारून घेतलं, तिथंच हळू आवाजात दोन्ही वाक्यं म्हटली आणि ती आत गेली.

पुढच्या साली बाईचं कामच काढून टाकायचं, असं आम्ही येताना गाडीतच ठरवलं होतं. ते तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.