सुनंदाच्या हातची गाडी

आमच्या घरात ही गोष्ट कुणालाच ठाऊक नाही. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच. आणि गोष्ट आहे तिचीच.

आम्ही वरवंडला राहतो. मी सणसवाडीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला, जाणं-येणं कंपनीच्या बसनं. सुनंदा दौंडला शाळेत शिकवते. जुनी गाडी घेतली ती तिच्यासाठीच. आठवडाभर ती चालवायची आणि रविवारी मी. रविवारी आम्ही तिच्या माहेरी, शिरूरकडं न्हावऱ्याला जायचो.

या गाडीत समोरच ॲव्हरेजचा आकडा दिसतो. मी चालवली की तो घसरायचा. घसरणारच. दिसेल त्याच्या पुढं काढायची, स्पीडब्रेकरवर करकचून ब्रेक, की पुन्हा रेस. सुनंदा लांबूनच पाय उचलायची, गाडी आपसूक हळू होऊ द्यायची. तिला शिकवलं मीच होतं. मग ती माझ्यापेक्षा बरी कशी चालवते?

हे आप्पांनी — माझ्या सासऱ्यांनी — बरोबर हेरलं. तरुणपणी मेंढरं राखलेला माणूस. मेव्हण्यांसमोर म्हणाले, "पावनं, कळप दामटला की नुसता दम जातो. आमची लेक बघा, कशी निवांत हाकती. तुमी पेट्रोल जाळता का उधळता?" सगळे हसले. मीही हसलो. सुनंदाही हसली — ते मात्र मला झोंबलं.

आता पुढचं. लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. सोमवारी सकाळी, बस यायच्या आधी, मी गाडीच्या चारही चाकांतली हवा सोडली. थोडी थोडी. नुसतं बघून कळू नये इतकीच. सगळीकडं सारखी, म्हणजे गाडी एका बाजूला ओढणार नाही. हवा कमी असली की गाडी जड पळते, पेट्रोल जास्त खाते. टायर तापून फुटूही शकतो. मला हे कळत नव्हतं असं म्हणू? माझी नोकरीच असल्या गोष्टी कळण्यावर चालते. शनिवारी पुन्हा भरून ठेवायचो. आणि रविवारी? रविवारी मी अगदी तिच्यासारखी चालवायचो.

असं कित्येक आठवडे केलं. "तुझ्या हाताला गाडी पेट्रोल पिते," असं चहा पिता पिता, सहज म्हणायचो.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं? भर उन्हाळ्यात एसी बंद ठेवला. डिकीतलं सामान काढलं. क्लचवर पाय राहतो की काय, म्हणून चप्पल काढून चालवली. घामानं भिजून घरी यायची, पदरानं तोंड पुसत म्हणायची, "आजबी आकडा पडला वो. काय चुकतंय माझं?" एकदा तिनंच विचारलं, हवा तपासून घेऊ का? मी म्हणालो, "कालच बघितली."

शेवटी तिनं चावी माझ्यापुढं ठेवली. "तुम्हीच चालवा. मला न्हाई जमायचं." दुसऱ्या दिवसापासून वडापनं जायला लागली, जीपमध्ये कोंबून बसून. मी एकदाही थांब म्हणालो नाही.

गेल्या वर्षी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. मी ड्यूटीवर होतो. मेव्हण्याचा तिला फोन गेला — शिरूरला दवाखान्यात आणलंय, तुझंच नाव घेतायत, लगेच ये. गाडी दारात उभी होती, पण चावीला हात लावायचा तिला धीर झाला नाही. चौफुल्यापर्यंत वडाप, तिथं एसटीची वाट बघत ताटकळणं, असं करत ती पोचली तेव्हा आप्पांची वाचा गेली होती. ते तिच्याकडं बघत राहिले म्हणे. पहाटे गेले.

दहाव्याला भाऊबंद जमले होते. तिच्या चुलतीनं विचारलंच, "गाडी हाय की गं तुमच्या दारात. मग एवढा उशीर?"

सुनंदा म्हणाली, "ह्यांनी शिकवली होती काकी, लई जीव लावून. मलाच आली न्हाई."

चारचौघांनी माझ्याकडं बघितलं. बायकोला गाडी शिकवणारा नवरा म्हणून, जरा कौतुकानंच. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, सासऱ्याच्या दुःखानं.

मी वाटू दिलं.