फर आणि फार

चौतीस वर्षं मी लोणावळ्यात मराठी शिकवलं आणि काना-मात्रेच्या प्रत्येक चुकीला अर्धा मार्क कापला. कापताना वाईट वाटायचं असं म्हणाले तर ते खोटं होईल. मजा यायची. निवृत्त झाल्यावर लाल पेन सुटलं, खोड सुटली नाही. अजूनही मी दुकानांच्या पाट्या वाचत बाजारातून चालते आणि तोंडातल्या तोंडात मार्क कापते. तर अशा बाईच्या हातून काय झालं ते ऐका.

बाजारात, चिक्कीच्या दुकानांना लागून, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं टोप्या-मफलरचं दुकान आहे. वडिलांनंतर तो बसायला लागला, आता त्याचीच दाढी पिकायला आली. त्याच्याकडून मी किल्ल्यांना लावायला एक पांढरा केसाळ गोंडा घेतला. इतका मऊ, की तुंगार्लीला घरी येईपर्यंत रिक्षात मी तो अंगठ्याने कुरवाळत होते. माझी नात जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते आहे. तिने गोंड्याचे चार केस उपटले आणि काडी लावली. प्लॅस्टिक असतं तर वितळून गोळी झाली असती. हे केस चुरचुरत जळले आणि बोकडाचे पाय भाजताना सुटतो तसा वास घरभर सुटला.

"आजी, हा ससा आहे," ती म्हणाली.

मला माझ्या अंगठ्याची शिसारी आली. मी मासे खाते, तेव्हा फार वरच्या पट्टीत बोलायचा मला अधिकार नाही. पण किल्ल्यांना शोभा यावी म्हणून ससा मारायचा? मी तडक नगरसेवकाला गाठलं. खऱ्या फरची विक्री बंद व्हावी, तसा कायदा करा म्हणून नगरपरिषदेने राज्याकडे ठराव पाठवावा, असं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, सह्या काय, लोक कशावरही करतात. हा माल विकणाऱ्या एका तरी दुकानदाराची सही आणा. मग मांडतो."

असा दुकानदार मला एकच ठाऊक होता. त्याच्याकडे मी सही मागितली, आणि सह्या गोळा करायला दुकानाच्या दारात जागाही.

"माझ्याच दारात माझ्याच मालाविरुद्ध?" विद्यार्थी हसून म्हणाला. "गोंडे नकली आहेत, बाई. होलसेलवाल्याने सांगितलंय मला. तुम्ही आधी लोकांच्या सह्या घ्या, माझं शेवटी बघू." तरी मला बसायला स्टूल त्यानेच दिलं, आणि माझा फ्लेक्सही त्यानेच शटरच्या वर बांधला. फ्लेक्सवर एक गुबगुबीत ससा आणि मोठ्या अक्षरांत दोन शब्द. फ्लेक्सवाल्याने नमुना मोबाईलवर पाठवला तेव्हा माझा चष्मा फ्रिजवर राहिला होता. मी न वाचताच होकाराच्या अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी झाले.

प्रतिसाद असा मिळाला की मी हरखून गेले. वलवणची भाजीवाली मावशी टोपली खाली ठेवून म्हणाली, "व्हय बाई, लय झालं आता. रविवारी गाड्यांपायी घराभायेर पाय टाकाया जागा न्हाई." फरवाल्या टोप्या घालून येणाऱ्या पर्यटकांवर तिचा राग असेल, अशी मी समजूत करून घेतली. चिक्कीवाला म्हणाला, "बरं झालं, कुणीतरी बोललं." एकाने पोटावरून हात फिरवत विचारलं, "साखरसुद्धा धरायची ना यात?" मला वाटलं, गाव विनोदी झालंय. दुपारच्या आत पान भरलं.

मग वराळ्याचे एक शेतकरी आबा आले. त्यांनी फ्लेक्स वाचला, सशाकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"मी न्हाई सही करणार."

"का हो, आबा?"

"आमच्याकडं आदी बांधाबांधाला ससं दिसायचं. आता सगळीकडं बिल्डिंगी. ससा बगायला मिळंना, अन् तुमी म्हणता फार नको? त्या बिचाऱ्यानं तुमचं काय खाल्लंय?"

मी चष्मा लावून वर पाहिलं. 'फार नको!' आणि खाली तो गुबगुबीत ससा.

आत टोप्यांच्या स्टँडमागे माझा विद्यार्थी हसून हसून डोळे पुसत होता.

"तू कधी पाहिलंस?"

"बांधतानाच, बाई."

"मग बोलला का नाहीस?"

"पाचवीपासून या दिवसाची वाट बघत होतो."

मी अशी काही चिडले की समोरच्या दोन गिऱ्हाइकांनी टोप्या परत ठेवल्या. आणि मग मलाच हसू फुटलं, ते स्टुलावर बसल्याशिवाय थांबेना. हसणं ओसरल्यावर मी सह्यांचं पान फाडलं.

"राहू द्या की, सह्या खऱ्याच आहेत," तो म्हणाला.

"खऱ्या आहेत, पण सशासाठी नाहीत," मी म्हटलं. मुलांचे मार्क कापणाऱ्या बाईला दुसरं काय करता येणार होतं? आबांना सगळं समजावलं तेव्हा ते म्हणाले, "मग आणा हिकडं," आणि नव्या पानावर पहिली सही त्यांची झाली. दिवसभराची कमाई एवढीच.

किमती लिहायचे पांढरे स्टिकर घेऊन विद्यार्थी स्टुलावर चढला आणि काना झाकला. 'फर नको!' खाली उतरून त्याने आधी ती पाटी पाहिली, मग तिच्याखाली लटकणाऱ्या गोंड्यांच्या माळा. त्याने एक गोंडा काढला, केस उपटले, लायटर पेटवला. तोच वास.

"मी शपथेवर नकली म्हणून विकले हो, बाई," तो म्हणाला. मला त्याची फार दया आली. "परत पाठवू?"

"दुसरा कुणीतरी विकेल."

"मग काय करू?"

तो खाली बसला आणि एकेका गोंड्याची कडी सोडवायला लागला. "कड्या लोखंडाच्या आहेत, त्यांचा काय दोष," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो गोंड्यांचं पोतं घेऊन तुंगार्लीला आला. माझ्या पेरूखाली त्याने खड्डा खणला, फावड्याने पुन्हा मोठा केला, आणि सगळ्यांना माती दिली. मी रडले. तो रडला नाही, पण नळावर बराच वेळ हात धूत राहिला.

मग त्याने कागद मागितला आणि आबांच्या सहीखाली दुकानाच्या नावासकट सही केली.

"लाल पेन असेलच घरात?"

होतंच. त्याने कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि चहा न घेताच गेला. चष्मा लावून मी वाचलं: दहापैकी साडेनऊ.

नगरसेवक म्हणाला, "बाई, तेवढं लाल शाईचं सोडून कागद नवा करून आणा." मी साफ नकार दिला. ठरावाला तोच कागद जोडला आहे.